नातेवाईक कुठे झोपणार? गडचिरोलीतल्या एका दवाखान्याच्या आराखड्याचं प्रकरण

चंद्रपूरचे दोन भाग करून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा झाला. चार वर्षांनी, 1986 मध्ये, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथे राहायला आले. दोघेही नागपूरला एमडी झालेले आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली आणि सुरुवातीचं काम तेंदूपत्त्याच्या एका गोदामात मांडलं. जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालय होतं, आतल्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रंही होती. तरीही जंगलातल्या गावांमधले गोंड आदिवासी तिकडे फारसे फिरकत नव्हते.

म्हणजे या प्रकरणातली अडचण 'गावाला दवाखाना नाही' अशी सरळ नव्हती. दवाखाना होता आणि माणसं येत नव्हती. अशा ठिकाणी आणखी एक दवाखाना बांधायचा झाला, तर त्याचा आराखडा कुठून सुरू करायचा? नवीन आरोग्य केंद्र मंजूर झाल्याची बातमी गावात येते तेव्हा हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही, कारण तोवर जागेवरून भांडण सुरू झालेलं असतं.

सरकारी गणित

आपल्याकडे आरोग्य केंद्र कुठे असावं हे लोकसंख्येवरून ठरतं. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा सुचवणाऱ्या 1946 च्या भोर समितीने ही पद्धत घालून दिली. तेव्हा तातडीचं उद्दिष्ट होतं 40,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आजचा निकष सपाट भागात 30,000 लोकांमागे एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक असा आहे. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5,000 आणि 3,000 आहेत. आदिवासी भागाला सवलत दिल्यासारखं वाटतं खरं. पण हे आकडे जमिनीवर पसरून बघा.

गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 10.72 लाख. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण 74 माणसं. 20,000 माणसं गोळा व्हायला 270 चौरस किलोमीटर मुलूख लागतो. केंद्र अगदी मधोमध आहे आणि रस्ते सरळ आहेत असं धरलं, तरी कडेच्या माणसाला नऊ किलोमीटरच्या वर यावं लागतं. राज्याची सरासरी घनता 365 च्या आसपास आहे. त्या हिशेबाने 30,000 लोकांचं केंद्र 82 चौरस किलोमीटरमध्ये बसतं आणि कडेचं अंतर पाच किलोमीटर होतं. सवलत धरूनही गडचिरोलीच्या माणसाला जवळजवळ दुप्पट चालावं लागतं, आणि हे जिल्ह्याच्या सरासरीचं झालं. आतल्या तालुक्यांत वस्ती याहून विरळ आहे. शिवाय पावसाळा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो, हे तर दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. नदीच्या पलीकडचं केंद्र जुलैमध्ये किती लांब, ते लोकसंख्येच्या निकषात दिसत नाही.

अंतराचा मुद्दा खरा आहे, पण बंग दाम्पत्याने लोकांना विचारल्यावर जी उत्तरं आली त्यांत अंतर पहिलं नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस आहे तो इथे.

लोक काय म्हणाले

त्यांनी गावांमध्ये बसून विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही आणि तुमच्यासाठी दवाखाना काढायचा तर तो कसा हवा. उत्तरांत यंत्रांची नावं आली नाहीत, की कुठल्या डॉक्टरचीही मागणी आली नाही. तक्रारी वेगळ्याच होत्या.

इमारतीचीच भीती वाटते, ही त्यांतली एक. मोठी पक्की इमारत, एकसारखे दरवाजे, आत गेल्यावर कुठे वळायचं कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. मराठीही ज्यांची दुसरी भाषा, त्यांना 'बाह्यरुग्ण विभाग' ही पाटी काय सांगणार?

डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, ही दुसरी. आम्ही पांढऱ्या कापडात मेलेल्या माणसाला गुंडाळतो, मग त्याच कापडात वावरणारी माणसं जीव कसा वाचवणार, असा प्रश्न होता. शिकलेल्या माणसाला यावर हसू येतं. पण पांढरा कोट म्हणजे स्वच्छता हाही एक संकेतच आहे. तो आपल्या ओळखीचा, म्हणून आपल्याला खटकत नाही, एवढंच.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत वजनदार वाटते. तुम्ही आजारी माणसाला आत घेता आणि आम्हाला बाहेर काढता. गावातलं माणूस आजारी पडलं तर एकटं येत नाही. सोबत बायको असते, आई असते, कडेवरचं पोर असतं, कधी भाऊ आणि शेजारीही असतात. रुग्णालयात भेटायची वेळ ठरलेली. बाकीच्या वेळी ही माणसं व्हरांड्यात, झाडाखाली, एसटी स्टँडवर. रात्री कुठे पडायचं, भात कुठे शिजवायचा, अंघोळ कुठे करायची, यांतलं काहीच ठरलेलं नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला अनोळखी भाषेत प्रश्न विचारले जातात आणि उत्तर द्यायला घरचं कुणी शेजारी नसतं. घरच्या माणसांच्या लेखी ही सुटका करून न्यायची जागा होते. 'रुग्ण न सांगता निघून गेला' असा शेरा केसपेपरवर पडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे, हीही विचारणा झाली. बरं करणारी एखादी शक्ती तिथे नसेल तर नुसत्या औषधाने काय होणार?

चारही तक्रारींत औषधोपचाराच्या दर्जाबद्दल एक अक्षर नाही. 'अंधश्रद्धेमुळे लोक दवाखान्यात येत नाहीत' हे वाक्य आपल्या अहवालांत इतक्या सवयीने येतं, की या उत्तरांतली किमान दोन निव्वळ सोयीची होती हे सुटून जातं. इमारतीत वाट सापडावी आणि सोबतच्या माणसाला झोपायला जागा असावी, यात श्रद्धा-अंधश्रद्धेचा प्रश्न येतो कुठे?

मग काय बांधलं

गडचिरोली शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात चातगावजवळ 'शोधग्राम' उभं राहिलं आणि त्यातच दवाखाना आला. त्याचं नाव माँ दंतेश्वरी दवाखाना. दंतेश्वरी ही बस्तरची देवी. तिचं मोठं ठाणं दंतेवाड्याला, पण तिला मानणारे लोक राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. नाव लोकांनी सुचवलं आणि आवारात देवीला जागा मिळाली.

दवाखान्याची मांडणी एखाद्या आदिवासी गावासारखी केली. गोंडांच्या गावात गोटूल असतं, म्हणजे सगळ्यांनी जमायची, बसायची, बोलायची जागा. तीच कल्पना धरून आल्याबरोबर बसायची जागा केली. एका लांब खोलीत खाटांची रांग लावण्याऐवजी झोपड्या बांधल्या. आजारी माणूस झोपडीत आणि त्याचं कुटुंब त्याच्यासोबत तिथेच. भेटायच्या वेळेचा प्रश्नच उरला नाही, कारण भेटायला येणारी माणसं मुळात तिथेच राहत होती.

गवताचं छप्पर, कौलं, शेणाने सारवलेलं अंगण यांचे फोटो पाहून बरेच लोक या दवाखान्याचं कौतुक करतात. माझ्या मते ते कौतुक चुकीच्या जागी पडतं. झोपडीचा आकार हे उत्तर होतं. प्रश्न होता रुग्णासोबत आलेल्या माणसांचा. उद्या कुणी मराठवाड्यातल्या एखाद्या गावात आरोग्य केंद्राला गवताचं छप्पर घातलं तर गावकरी हसतील, आणि बरोबर हसतील. तिथे लोकांना स्लॅबचीच इमारत हवी असेल, कदाचित स्वतंत्र खोली आणि नळाचं पाणी हवं असेल. विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

व्यवहाराच्या अडचणीही आहेत. गवताचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावं लागतं, त्यात उंदीर-साप येतात, आगीची धास्ती असते. शस्त्रक्रियागृहाला धुता येईल अशी फरशी, बंद खिडक्या आणि भरवशाची वीज लागतेच. विखुरलेल्या झोपड्यांत रात्रपाळीच्या एका नर्सला फेरी मारायला वेळ लागतो, तर एका लांब वॉर्डात तिची सगळ्यांवर एकदम नजर राहते. वॉर्डाची लांब खोली काही दुष्टपणाने निघालेली नाही. कमी माणसांत जास्त खाटा सांभाळायच्या गरजेतून ती आली. म्हणून नातेवाइकांना आत घेणं हा कर्मचाऱ्यांच्या कामाची वाटणी बदलणाराही निर्णय असतो. पाणी पाजणं, कूस बदलणं, सलाईन संपत आलं की हाक मारणं ही कामं घरची माणसं करू शकतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत ती करतातच, फक्त त्यांना तिथे बसायची अधिकृत परवानगी नसते.

देवीबद्दल वाद होऊ शकतो. विज्ञानाच्या आधारावर चालणाऱ्या ठिकाणी देवीचं नाव कशाला, असं म्हणणारे डॉक्टर मला माहीत आहेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सरकारी केंद्राला तर एका समाजाची देवता स्वीकारता येणारही नाही आणि येऊ नये, कारण त्याच केंद्रात सगळ्यांनी यायचं असतं. एका संस्थेच्या दवाखान्याने, एका विशिष्ट समाजासाठी केलेली ही निवड आहे. देवी आहे म्हणून तिथे मलेरियाला अंगारा दिला जात नाही, गोळ्याच दिल्या जातात. दारातली भीती कमी झाली तर आतलं काम सोपं होतं, एवढाच त्या निवडीचा अर्थ मी घेतो.

यापुढची गोष्ट मला इमारतीपेक्षा महत्त्वाची वाटते. देवीच्या नावाने दरवर्षी जत्रा भरू लागली आणि गावागावांचे प्रतिनिधी जमून आरोग्याच्या प्रश्नांवर बोलू लागले. या सभेला आरोग्य संसद म्हणतात. कोणता आजार आधी हाताळायचा हे तिथे ठरू लागलं आणि मलेरियाचा प्रश्न तिथूनच वर आला. पुढे कंबर-पाठदुखीसारखा, सरकारी कार्यक्रमांच्या कुठल्याच यादीत नसलेला विषयही आला. ओझी वाहणाऱ्या, वाकून रोवणी करणाऱ्या माणसाचा रोजगारच पाठीवर चालतो. हिवतापाचा तक्ता आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतो, पाठदुखीचा कुठेच नसतो.

हे त्या परिसराला अगदीच अनोळखी होतं असंही नाही. याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, 'मावा नाटे, मावा राज' म्हणजे आमच्या गावात आमचंच राज्य ही घोषणा देणारं गाव, ज्याला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. सभेत बसून, एकमत होईपर्यंत बोलत राहून ठरवायची सवय तिथल्या लोकांना आधीपासून आहे.

जे दवाखान्याला जमलं नाही

इथपर्यंत वाचून हे प्रकरण 'लोकांना विचारलं, त्यांना हवा तसा दवाखाना बांधला, लोक आले' असं वाटेल. पण काही माणसं कितीही आपुलकीचा दवाखाना बांधला तरी येणार नव्हती.

डॉ. राणी बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या 8 टक्के. दुखणं अंगावर काढणाऱ्या या बायका ओपीडीच्या रजिस्टरवर कुठेच नव्हत्या. रजिस्टर बघून केंद्राचा आराखडा केला असता, तर 'इथे स्त्रीरोगाची मागणी नाही' असाच निष्कर्ष निघाला असता.

नवजात बाळांचंही तसंच. बाळंतपण घरी होत होतं. बाळंतीण आणि बाळ काही दिवस घराबाहेर पडत नाहीत, आणि बाळ दगावण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो नेमका याच दिवसांत. त्यात पावसाळा, वाहनाची वानवा, हातात पैसा नाही. दवाखाना झोपडीत असो नाहीतर स्लॅबखाली, चार दिवसांचं बाळ तिथे पोहोचणार नव्हतं.

मग उलटा विचार झाला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं गेलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वास मोजून कळतं, पण मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? तिच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधं उपकरण केलं. पुढे याच बायका बाळाचं वजन घेऊ लागल्या, त्याला उबेत ठेवायला शिकवू लागल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देऊ लागल्या आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देऊ लागल्या. जेमतेम शाळा शिकलेल्या बाईने इंजेक्शन द्यायचं, यावर डॉक्टरमंडळींकडून मोठा आक्षेप आला, आणि तो येणं स्वाभाविक होतं. उत्तर आकड्यांनी दिलं गेलं. 39 गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली गेली. काम झालेल्या गावांत जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात 62 दगावत होती, तो आकडा तीन वर्षांत 25 च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत मृत्यूदर फारसा हलला नाही. 1999 मध्ये हा अभ्यासही 'लॅन्सेट'मध्ये आला. 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी जाऊन बाळ बघतात, त्या कार्यक्रमाचं मूळ इथलं आहे.

म्हणून हे प्रकरण एका सुंदर इमारतीचं म्हणून शिकवणं मला अपुरं वाटतं. इथल्या आराखड्याचे दोन भाग होते. आजारी माणूस घरच्यांसकट येऊन राहू शकेल अशी जागा हा एक, आणि जे येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे जाणारी गावातलीच माणसं हा दुसरा. गावचं आरोग्य केंद्र मंजूर करून आणणारे पुढारी पहिल्या भागाचं भूमिपूजन करतात. दुसऱ्या भागाला फीत नसते.

सरकारी चौकटीत यातलं काय बसतं

संस्थेला जे जमलं ते सरकारला जमणार नाही, हा नेहमीचा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. देवीचं नाव जमणार नाही. गोटूलसारखी बसायची जागा बांधकाम विभागाच्या ठरावीक नकाशात सहजी बसणार नाही. पण महाराष्ट्रातच आदिवासी भागांसाठी माहेरघर योजना आली, तिचा गाभा हाच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात खोली किंवा झोपडी, तिथे गरोदर बाईने बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल, आणि जेवणाची सोय. पूर आल्यावर नदी ओलांडण्यापेक्षा ढग भरून येताना येऊन राहणं बरं, हे साधं शहाणपण त्यात आहे. बाई किती दिवस राहील हे मात्र पुष्कळदा जेवणावर आणि घरी शेती-जनावरं कोण बघतंय यावर ठरतं. नुसती खोली बांधून ती रिकामी राहिली, की दोष पुन्हा 'लोकांच्या मानसिकते'वर ढकलायची सोय होते.

केंद्र सरकारने 2013 मध्ये आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच होते आणि अहवाल 2018 मध्ये आला. आदिवासींसाठीची आरोग्यसेवा बाकीच्या भागांसाठी केलेल्या साच्याचीच नक्कल आहे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा.

महाराष्ट्रातल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसा या आदिवासी स्वशासनाच्या कायद्याखाली अबंध निधी मिळतो, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या उपयोजनेच्या रकमेतला 5 टक्के वाटा थेट गावाकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा ते गाव ठरवतं. नातेवाइकांसाठी एक शेड, दोन चुली, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी एवढं काम त्यातून करायला ग्रामसभा पुरेशी आहे. शिवाय आरोग्य केंद्राचा कारभार आणि निधी बघणारी रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पंख्यांपलीकडे विषय गेल्याचं फारसं ऐकू येत नाही, पण विषय मांडायला कुणाची बंदी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. केंद्राचा नकाशा कागदावर असतो तेव्हा गावाने तो मागून बघावा. त्यात ओपीडी, प्रसूतिगृह, औषध भांडार, डॉक्टरांचं निवासस्थान सगळं दिसेल. रात्री दीड वाजता बैलगाडीतून किंवा जीपमधून सुनेला घेऊन आलेली सासू कुठे बसेल, तिच्यासोबतचं तीन वर्षांचं पोर कुठे झोपेल, सकाळी ती भात कुठे टाकेल, हे बोट ठेवून दाखवायला सांगावं. दाखवता आलं नाही तर ते निविदा निघण्याआधीच कागदावर आणावं. निविदा निघाल्यावर तीच शेड 'वाढीव काम' होते, आणि वाढीव कामाची फाईल कुठल्या टेबलावर किती पावसाळे पडून राहते ते जिल्हा परिषदेत काम केलेल्या कुणालाही विचारा.